तीन किलो चिवडा, साडेसात किलोचं भाडं

घरगुती फराळ ऑनलाइन विकणाऱ्यांना दिवाळीत हे कोडं पडतंच. खोक्यात चिवडा तीन किलो, कुरिअरवाला पैसे लावतो साडेसात किलोचे! यात फसवणूक नाही. हलका माल असला की गाडीतली जागा वजनाआधी संपते, म्हणून अडवलेल्या जागेचंही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचं. बहुतेक कुरिअर कंपन्या हाच भाजक वापरतात. ४० × ३० × ३० च्या खोक्याचे येतात ७.२ किलो. काट्यावरचं वजन आणि हे, यांतलं जास्त ते धरायचं. अर्ध्या किलोचे टप्पे असतील तर ७.५. अंतराचा दर पिनकोडवरून ठरतो, तो वेगळा.

बेसनाच्या लाडवांचं गणित उलटं. तीन किलो लाडू २५ × २० × २० मध्ये मावतात. जागेचं वजन दोनच किलो, त्यामुळे काटाच चालतो. म्हणून वेबसाइटवर सगळ्यांना किलोमागे एकच दर लावू नका, चिवड्यात हमखास तोटा होईल.

आणि मापं खोकं भरून, टेप मारून झाल्यावरच घ्या. प्रत्येक बाजू एकेक सेंटिमीटर फुगली, तरी ७.२ चे जवळपास ७.९ होतात आणि आकारणी आठ किलोंची होते.