साटा आणि ‘सू’ : पापुद्रेदार पक्वान्नांचा एक तौलनिक विचार

ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे औंढा नागनाथ हे क्षेत्र हिंगोली जिल्ह्यात, मराठवाड्याच्या ज्वारीप्रधान प्रदेशात वसले आहे. या प्रदेशात परंपरेने भाकरी हे नित्याचे अन्न आणि गव्हाचे पक्वान्न हे सणावाराचे. दिवाळीच्या फराळातील चिरोटे व साट्याच्या करंज्या ही अशीच कौशल्याची पक्वान्ने होत. चीनमधील सूजौ पद्धतीच्या चंद्रपोळीशी, म्हणजे शरदातील पौर्णिमेच्या सणाला खाल्ल्या जाणाऱ्या सारणभरल्या पक्वान्नाशी, त्यांचे रचनासाम्य लक्षणीय आहे. यावरून एका समाजाने दुसऱ्याकडून ही कृती घेतली असे अनुमान काढता येईल काय?

प्रथम साम्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. चिरोट्यासाठी रवा-मैद्याच्या पोळ्या लाटून त्यांवर फेसलेले तूप व तांदळाची पिठी यांचा साटा लावतात, पोळ्या एकावर एक रचून गुंडाळी करतात, तिचे तुकडे कापून हलके लाटतात आणि मंद आचेवर तळतात. चिनी कारागीर दोन कणका करतो : एक पाण्याची, दुसरी केवळ स्निग्धाची. पहिलीत दुसरी गुंडाळून ती पुनःपुन्हा लाटतो व दुमडतो. दोन्हीकडे कार्यकारणभाव एकच आहे. पाण्यामुळे गव्हाच्या पिठात चिवट जाळे तयार होते. स्निग्धाचा थर दोन पदरांना चिकटू देत नाही. आच लागताच पाण्याची वाफ होऊन पदर सुटे होतात.

भेदही तितकेच बोलके आहेत. साट्यात तांदळाची पिठी येते. तिच्यात गव्हासारखा चिवटपणा मुळातच नसतो. चिनी कारागीर गव्हाचेच पीठ वापरतो, मात्र बहुधा डुकराच्या चरबीने त्याचा चिवटपणा रोखतो. एकाचे साधन चुलीवरची कढई, तर दुसऱ्याचे भट्टी. शिवाय ग्वांगदुंग प्रांतातील चंद्रपोळीचे आवरण पाकावर व तेलावर मळलेले, मऊ असते. तेव्हा चीनमध्येही पापुद्रा सार्वत्रिक नाही.

शब्दाचा पुरावा मात्र वेगळे सांगतो. खुसखुशीत पापुद्र्याला चिनी भाषेत ‘सू’ म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ दुधापासून काढलेले स्निग्ध असा आहे. पाचव्या शतकात धर्मक्षेमाने चिनी भाषेत आणलेल्या महापरिनिर्वाणसूत्रात दूध, दही, लोणी, तूप व तुपाचे सार ही परंपरा येते. तेथे लोण्यासाठी ‘कच्चे सू’ व तुपासाठी ‘पक्व सू’ असे शब्द योजले आहेत. म्हणजे भारतीय ग्रंथांतील तुपाची कल्पना या शब्दाच्या आश्रयाने चीनमध्ये पोचली.

तथापि शब्दाचा प्रवास हा कृतीचा प्रवास नव्हे. गहू, पाणी, स्निग्ध आणि आच ही सामग्री जेथे एकत्र येते, तेथे पापुद्र्याचा शोध स्वतंत्रपणेही लागू शकतो. म्हणून औंढ्याच्या स्वयंपाकघरातील साट्याचा इतिहास लिहिताना केवळ साम्यावर विसंबणे धोक्याचे आहे. घटक, साधने आणि शब्द यांची साक्ष स्वतंत्रपणे तपासली पाहिजे. त्या एकमेकींस पूरक ठरतील तेव्हाच ऋणाचा सिद्धांत मांडणे युक्त होईल.