थांबण्याचे तास

पुण्यात घरून स्ट्रॉबेरी टर्नओव्हर करून विकणाऱ्या बाईचा दिवस बाहेरून पाहिला तर बराचसा रिकामा वाटेल. पीठ फ्रिजमध्ये, सारण ताटात, आणि ती आपली पोळ्या लाटतेय! पण टर्नओव्हर घडतो तो याच वेळात. फेब्रुवारीतल्या अशा एका दिवसाचा हा हिशेब. ऑर्डर अठरा टर्नओव्हरची, बिनअंड्याची, दुपारी साडेचारला न्यायची.

पहाटे 5

अर्धा किलो मैदा, मीठ, चमचाभर लिंबाचा रस, थोडं बटर आणि बर्फाचं पाणी घालून पीठ आदल्या रात्रीच मळून फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. शेजारी बटर पेपरमध्ये लाटून चौकोनी केलेली अनसॉल्टेड बटरची लादी. दोन्ही मिळून 400 ग्रॅम बटर जातं. लादी बाहेर काढून थोडा वेळ ओट्यावर ठेवते. वाकवल्यावर ती मोडता कामा नये आणि बोटाला चिकटताही कामा नये. कडक असली तर लाटताना पिठाच्या आत तिचे तुकडे पडतात, मऊ असली तर ती पिठात मुरते. दोन्हीकडे नुकसान थरांचंच. ग्रॅनाइटचा ओटा या वेळी गार असतो, म्हणूनच हे काम पहाटेचं. दुपारी बाहेर तिशी गाठली की हेच बटर लाटण्याखाली पाझरायला लागतं.

लादी पिठात गुंडाळायची, लांबट लाटायचं, पत्राच्या कागदासारखी तिहेरी घडी घालायची, वळवून पुन्हा तेच. दोन घड्या झाल्या की पीठ फ्रिजमध्ये.

6:15

आता फळ. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी थंडीभर पुण्यात मुबलक मिळते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बॉक्स घेताना मी तो उलटा करून तळ बघते. तळाशी ओल दिसली तर वरची फळं कितीही देखणी असोत, खालची चेपलेली असतात. देठाशी पांढरं असलेलं फळ घरी ठेवून पिकत नाही, कारण स्ट्रॉबेरी तोडल्यावर आणखी गोड होत नाही. धुवायची ती देठासकट, देठ नंतर काढायचे. नाहीतर पाणी थेट आत शिरतं, आणि या फळात आधीच नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं.

800 ग्रॅम स्ट्रॉबेरीच्या फोडींना 200 ग्रॅम साखर लावून ठेवते.

7:15

पिठाच्या उरलेल्या दोन घड्या. प्रत्येक घडीला बटरचे थर तिप्पट होतात, म्हणजे चार घड्यांत 81. फ्रेंच पद्धतीच्या पफ पेस्ट्रीत सहा घड्या घालतात, तिथे हा आकडा 729 वर जातो. रसाळ सारणाला मला चारच बऱ्या वाटतात. पापुद्रा जरा जाड राहतो आणि तळाची ओल सोसतो.

8:00

डबे, पोळ्या, मेथीची भाजी. फ्रिज घरचा एकच, आणि बटर आजूबाजूचा वास फार पटकन ओढून घेतं. चिरलेली मेथी, लसूण, कालची आमटी यांच्यापासून दूर, वरच्या कप्प्यात, घट्ट गुंडाळून पीठ ठेवायचं. घरातल्या सगळ्यांना तो कप्पा माहीत आहे.

एका शेगडीवर पोळ्या चालू असतात, दुसरीवर स्ट्रॉबेरीला सुटलेला रस. आधी नुसता रस आटवायचा, मग त्यात फोडी घालायच्या. शेवटी गार पाण्यात कालवलेलं दोन चमचे कॉर्नफ्लॉवर. ते घातल्यावर एक खळखळून उकळी यायलाच हवी, नाहीतर कच्ची चव राहते आणि सारण पुढे पाणी सोडतं. लिंबू पिळून गॅस बंद. सारण ताटात पसरायचं, निवलं की फ्रिजमध्ये. कोमट सारण भरलं तर पहाटेपासून सांभाळलेलं बटर आतूनच वितळतं.

9:30

फोन. "ताई, आज संध्याकाळी डझनभर मिळतील का? घरीच तर करता!" मी उद्याची वेळ देते. घरी केलं म्हणून पिठाला विश्रांती कमी लागत नाही.

10:30

पीठ तीन मिलिमीटर जाड लाटायचं, पाच मिनिटं तसंच सोडायचं, मग कापायचं. लाटलं की लगेच कापलेले चौकोन आक्रसतात. बारा सेंटीमीटरचे साधारण वीस निघतात. सुरी धारदार हवी आणि सरळ खाली दाबायची. ओढली तर कडेचे थर एकमेकांना चिकटतात.

भरायला सासूबाई येतात. त्यांच्या साट्याच्या करंज्या आमच्याकडे दिवाळीला होतात. तांदळाची पिठी तुपात फेसून केलेला साटा पोळ्यांच्या मध्ये लावून त्या थर करतात, म्हणजे हे शास्त्र त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक आहे. मी टर्नओव्हरच्या कडा काट्याने दाबायचे. त्या म्हणाल्या, "अगं, सारण ओलं आहे, मुरड घाल." दोन चमचे सारण, कडेला पाण्याचं बोट, चौकोनाचा त्रिकोण, आणि त्यावर त्यांची बारीक मुरड. कडेचा फुलोरा थोडा कमी होतो, पण रस बाहेर येऊन ट्रेवर करपत नाही. आता सगळ्या ऑर्डरींना मुरडच असते.

11:45

भरलेले टर्नओव्हर पुन्हा फ्रिजमध्ये, अर्धा तास तरी. इकडे ओटीजी 200 अंशांवर. बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत फरक असतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर लटकवलाय. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यामुळे गुरुवारची ऑर्डर मी घेत नाही.

12:20

वरून दुधाचा हात, पण कापलेल्या कडेवर दूध ओघळू द्यायचं नाही. मध्ये वाफेसाठी दोन चिरा. पहिली पंधरा मिनिटं 200 अंश, मग 180 वर बारा-पंधरा मिनिटं.

आत जे चालतं ते पाण्याचं काम. पिठातल्या आणि बटरमधल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे 1600 पट जागा मागतं, आणि ती वाफ थरामागून थर उचलत जाते. मधलं बटर थरांना चिकटू देत नाही. बटर आधीच पिठात मुरलेलं असेल तर उचलायला थरच नसतात. सुरुवातीला दार उघडायचं नाही.

झालं की नाही हे तळावर कळतं. एक उचलून उलटा करते. तळ बदामी आणि कोरडा दिसला की झालं. वरून सोनेरी आणि खालून फिका असेल तर आणखी चार मिनिटं.

2:00

जाळीवर गार करणं. गरम टर्नओव्हर डब्यात भरला की त्याचीच वाफ त्याला मऊ करते. तोवर डब्यांवर लेबल लावते. घटकपदार्थ, तारीख, हिरवा ठिपका, एफएसएसएआय नोंदणी क्रमांक. घरून विकतो म्हणून नोंदणीतून सुटका नाही, आणि नसावी.

4:30

ऑर्डर गेली. उरलेल्यांतला एक मुलगी शाळेतून आल्या आल्या खाते, एक सासूबाई अर्धा-अर्धा करून.

रात्री 9

उद्याचं पीठ मळून फ्रिजमध्ये आणि वहीत हिशेब. मैदा, बटर, फळ, वीज, डबे यांच्याखाली मी स्वतःचे तास लिहिते, थांबण्याचेसुद्धा. त्या तासांत मी पोळ्या करते हे खरं, पण दर अर्ध्या तासाने घड्याळाकडे बघायचं, फ्रिज उघडायचा, पीठ चाचपायचं, आणि त्या दिवशी घर सोडायचं नाही, हेही कामच आहे. घरून विकणाऱ्या अनेकजणी हे तास किमतीत धरत नाहीत, आणि मग काही महिन्यांत थकून काम बंद करतात. बायांनो, तास धरा.

आणि घेणाऱ्यांनो, ऑर्डर एक दिवस आधी द्या. आणलेला टर्नओव्हर फ्रिजमध्ये ठेवू नका आणि मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. ओव्हनमध्ये 160 अंशांवर सात-आठ मिनिटं गरम करा आणि त्याच दिवशी संपवा.