एकपात्री प्रयोग आणि चित्रपट

एकपात्री प्रयोगाचे आपल्या मराठी माणसाला मोठे वेड. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. पुढे मराठवाड्याचे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात ५२ माणसे एकट्याने वठवली. त्यातले वऱ्हाड लग्नाचे, आपल्या यवतमाळ-अमरावतीकडचे नव्हे! अशा प्रयोगाचा चित्रपट करावयाचा झाल्यास कलावंतांपुढे कोणता प्रश्न उभा राहतो, ते आज पाहू.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. काहीही तयार झालेले पाहिले, की आम्ही प्रथम विचारतो : हे काम केले कोणी? मंचावरचा नट मान डावीकडे वळवून सासू होतो, उजवीकडे वळवून सून होतो. पण सासूचे लुगडे, सुनेच्या डोळ्यांतले पाणी, मागची चूल हे सारे कोण उभे करतो? प्रेक्षक. म्हणजे या प्रयोगात कामकरी दोन. एक मंचावर, दुसरा खुर्चीत. चित्रपट हा मात्र कारखाना आहे. तेथे लुगड्याला वेशभूषाकार, चुलीला कलादिग्दर्शक, सासूला निराळी नटी. प्रेक्षकाचे काम इतरांच्या हाती जाते आणि तो बेकार होतो. खरी अडचण ही आहे.

पु. लं.ची ‘म्हैस’ घ्या. ते नाटक नव्हे, कथाकथन. पण जात तीच. रत्नागिरीहून मुंबईस निघालेल्या एस.टी.ला म्हैस आडवी येते, गाडी थांबते, आणि ड्रायव्हर, कंडक्टर, उतारू, पोलीस, पुढारी असे सारे एकाच गळ्यातून बोलू लागतात. ऐकणाऱ्या प्रत्येकाची म्हैस निराळी. पांढरकवड्याच्या माणसाला आपल्याच गावची दिसणार. २०१३ साली या एका कथेवरून ‘म्हैस’ आणि ‘चांदी’ असे दोन चित्रपट निघाले. पडद्यावर आली की म्हैस सर्वांना सारखीच दिसते. शिवाय कथेतली गंमत नुसत्या अपघातात नाही, सांगणाऱ्याच्या मिस्कील नजरेत आहे. अपघाताचे चित्रण करता येते. नजरेचे कसे करावे?

याचे एक उत्तर इंग्लंडात मिळाले. विली रसेल यांचे ‘शर्ली व्हॅलेंटाइन’ हे एकपात्री नाटक १९८६ साली लिव्हरपूलला आले. संसाराला विटलेली एक गृहिणी स्वयंपाकघरातल्या भिंतीशी बोलते. नवरा, मुले, शेजारीण सारी तिच्याच तोंडून कळतात. १९८९ साली चित्रपट झाला तेव्हा पटकथा रसेल यांनीच लिहिली आणि रंगमंचावरची शर्ली, पॉलिन कॉलिन्स, हीच पडद्यावर आली. नवऱ्याला आता निराळा नट मिळाला, ग्रीसचा समुद्र खरा दिसला. पण शर्ली मधूनच कॅमेऱ्याकडे वळते आणि थेट आपल्याशी बोलते. त्यामुळे नवरा दिसला तरी तो तिच्या नजरेतूनच दिसतो.

चित्रपटाने येथे भरही घातली आहे. शेवटी तिला न्यायला आलेला नवरा तिच्या जवळून जातो आणि तिला ओळखतच नाही. एका शब्दाविना सारा संसार कळतो. दोन माणसे एका चौकटीत असल्याशिवाय हे साधले नसते.

उलट, सुनील दत्त यांनी १९६४ च्या ‘यादें’मध्ये सबंध चित्रपटभर एकच नट ठेवला, इतर माणसे आवाजांतून, सावल्यांतून जाणवतात. म्हणजे पडदाही प्रेक्षकाला कामाला लावू शकतो, लावण्याची इच्छा मात्र हवी.

आपला जिल्हा कापसाचा. जिनात रुई आणि सरकी वेगळी होते. रुईची गाठ बाजारात जाते; पण पुढचे पीक उगवते ते सरकीतून. एकपात्री प्रयोगातले प्रसंग म्हणजे रुई, सांगणाऱ्याची नजर म्हणजे सरकी. रुईवर लुब्ध होऊन सरकी फेकून देणाऱ्याचा चित्रपट दिसायला देखणा होईल, पण मनात रुजणार नाही. तेव्हा असा चित्रपट पाहताना आपण एवढेच विचारावे : यांनी माझ्यासाठी काही काम शिल्लक ठेवले आहे काय?