मधल्या फळीचा सूत्रधार : लिअम ब्रेडी

फुटबॉलच्या सामन्यांत टाळ्या पडतात त्या बहुधा गोल करणाऱ्यासाठीं, आणि बोल लागतो तो गोलरक्षकाला. या दोघांच्या मध्यें जे तीन-चार गडी मैदानभर राबत असतात, त्यांच्याकडे नवख्या प्रेक्षकाचें सहसा लक्षहि जात नाहीं. जाणत्यांची नजर मात्र त्यांच्यावरच खिळलेली असते. बचावाच्या फळीनें प्रतिपक्षाकडून चेंडू हिसकावून घेतल्यावर तो कोणाकडे, केव्हां आणि किती वेगानें पोंचवावयाचा, हें ठरविण्याचें काम या मधल्या फळीचें. खेळाची गति वाढवावी कीं क्षणभर रोखून धरावी, याचा निर्णयहि तिचाच. नाटकांत सूत्रधाराचें जें स्थान, तेंच फुटबॉलमध्यें या गड्याचें. प्रवेश कोणाचा व केव्हां, हें त्याच्या हातीं, वाहवा मात्र नायकाची.

आयर्लंडचा लिअम ब्रेडी हा असाच एक सूत्रधार. १९७३ पासून १९९० पर्यंत तो इंग्लंड व इटली या दोन देशांतील सहा संघांकडून धंदेवाईक फुटबॉल खेळला. त्याच्या कारकीर्दीचा विचार करितांना एका कुशल खेळाडूची ओळख तर होतेच. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न पुढें उभा राहतो. वेतन घेऊन खेळणाऱ्या माणसाचें आपल्या संघाशीं नातें नेमकें कसलें असतें, आणि तें नातें तुटत असतां त्यानें कसें वागावें?

ब्रेडीचा जन्म १३ फेब्रुवारी १९५६ रोजीं डब्लिन शहरीं झाला. फुटबॉल त्याच्या घराण्यांतच होता. त्याचे चुलत आजोबा फ्रँक व थोरला भाऊ रे हे दोघेहि आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेले, आणि रे व पॅट हे दोघे बंधु लंडनमधील संघांत धंदेवाईक खेळाडू होते. तथापि डब्लिनच्या मुलानें हा खेळ खेळणें ही त्या काळीं साधी गोष्ट नव्हती. आयर्लंडमध्यें फुटबॉल या एकाच नांवाखालीं दोन खेळ नांदतात. एक हात व पाय दोन्ही वापरून खेळावयाचा देशी गेलिक फुटबॉल. दुसरा सर्व जगांत खेळला जाणारा, ज्याला तेथील लोक सॉकर म्हणतात तो. सॉकर हा इंग्रजांचा खेळ, आणि इंग्रजी सत्तेशीं लढून स्वतंत्र झालेल्या देशांत या वस्तुस्थितीला मोठा अर्थ होता. गेलिक खेळांची जोपासना करणाऱ्या संस्थेनें आपल्या सभासदांना असे परकी खेळ खेळण्याची मनाई केलेली होती. ती मनाई १९७१ सालींच काय ती उठली. ब्रेडीलाहि या भांडणाची झळ लागली. शाळेच्या गेलिक सामन्याऐवजीं आयर्लंडच्या शालेय सॉकर संघाकडून खेळावयास गेल्याबद्दल त्याला शाळेचा रोष पत्करावा लागला.

मनाई उठली त्याच वर्षीं पंधरा वर्षांचा ब्रेडी लंडनच्या आर्सेनल संघाकडे उमेदवारी करण्यास गेला. सतराव्या वाढदिवशीं त्यानें धंदेवाईक खेळाडू म्हणून करार केला, आणि ६ ऑक्टोबर १९७३ रोजीं बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध बदली गडी म्हणून तो प्रथम मैदानांत उतरला. सोबत्यांनीं त्याला 'चिप्पी' हें नांव पाडलें. चेंडू अलगद उचलून टाकण्याच्या त्याच्या लकबीवरून तें पडलें असावें असें पुष्कळांना वाटतें. खरें कारण अगदीं घरगुती आहे. बटाट्याच्या तळलेल्या फोडी, ज्यांना इंग्लंडांत चिप्स म्हणतात, त्या त्याला फार आवडत.

ब्रेडी अंगापिंडानें काटक, पण दांडगा नव्हता. त्याची सारी संपत्ति त्याच्या डाव्या पायांत व मानेच्या हालचालींत सांठविलेली होती. मानेचा उल्लेख नवल वाटण्यासारखा आहे खरा. परंतु मधल्या फळीच्या खेळाचें मर्म तेथेंच आहे. चेंडू पायाशीं येण्यापूर्वीच जो आजूबाजूस नजर फिरवून कोण कोठें उभा आहे याचें चित्र मनांत टिपून घेतो, त्याला चेंडू मिळाल्यावर विचार करण्यांत वेळ दवडावा लागत नाहीं. ब्रेडीची मान सदैव वर असे. म्हणूनच शरीरानें बलदंड असलेले प्रतिस्पर्धी त्याच्यापर्यंत पोंचत, तोंवर चेंडू निघून गेलेला असे.

गोल करणें हें त्याचें मुख्य काम नव्हे, तरी तेंहि त्याला साधत असे. २३ डिसेंबर १९७८ रोजीं शेजारच्या टॉटनहॅमच्या मैदानावर आर्सेनलनें ५-० असा विजय मिळविला. त्या दिवशीं ब्रेडीनें डाव्या पायाच्या बाहेरील कडेनें असा कांहीं वळणदार चेंडू मारला, कीं तो गोलरक्षकाला चकवून वरच्या कोपऱ्यांत जाऊन विसावला. आर्सेनलचे चाहते अद्यापि तो गोल विसरलेले नाहींत.

पण सूत्रधाराची खरी कसोटी लागली ती १२ मे १९७९ रोजीं, वेम्ब्ली येथील एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यांत. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध आर्सेनल २-० असें पुढें होतें आणि सामना संपावयास पांचच मिनिटें उरलीं होतीं. इतक्यांत युनायटेडनें लागोपाठ दोन गोल करून बरोबरी साधली. जिंकलेला सामना हातचा निसटत आहे असें दिसूं लागलें, कीं भल्याभल्यांचे पाय गळतात. ब्रेडीनें चेंडू घेतला, तो पुढें नेला व डाव्या बाजूस ग्रॅहॅम रिक्सकडे दिला. रिक्सनें तो गोलापुढें टाकला, आणि ॲलन संडरलंडनें तो आंत ढकलला. आर्सेनल ३-२ असें जिंकलें. वृत्तपत्रांत नांव झळकलें तें संडरलंडचें. परंतु त्याच वर्षीं इंग्लंडमधील धंदेवाईक खेळाडूंनीं आपल्यांतील सर्वोत्तम म्हणून मतें दिलीं तीं ब्रेडीला. सहव्यवसायी लोकांची नजर कशावर असते, याचा हा पुरावाच होय.

पुढील वर्षीं मात्र दैवाची दुसरी बाजू दिसली. १४ मे १९८० रोजीं ब्रसेल्स येथें युरोपांतील कपविजेत्या संघांच्या स्पर्धेचा अंतिम सामना आर्सेनल व स्पेनचा व्हॅलेन्सिया यांच्यांत झाला. १२० मिनिटांत एकहि गोल झाला नाहीं, म्हणून पेनल्टींवर निकाल लावण्यांत आला. पेनल्टी म्हणजे गोलापासून बारा यार्डांवर चेंडू ठेवून केवळ गोलरक्षकाला तोंड देत मारावयाची लाथ. ब्रेडीची लाथ वायां गेली, रिक्सचीहि गेली, आणि कप व्हॅलेन्सियानें नेला. आर्सेनलकडून ३०७ सामने व ५९ गोल अशी कामगिरी करून ब्रेडीनें त्या उन्हाळ्यांत इंग्लंड सोडलें.

तो इटलींत गेला. १९६६ च्या विश्वकप स्पर्धेंतील मानहानीनंतर इटलीनें परदेशी खेळाडूंना आपलीं दारें बंद केलीं होतीं. तीं १९८० सालीं किलकिलीं झालीं, आणि प्रत्येक संघास एक परदेशी खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. ट्यूरिनच्या युव्हेन्टस संघानें आपल्या वांट्याची ती एकुलती एक जागा ब्रेडीला दिली. त्याच वसंत ऋतूंत, अंतिम सामन्याच्या आधीं, आर्सेनलनें युव्हेन्टसला त्यांच्याच मैदानावर हरविलें होतें. जोव्हानी ट्रापाट्टोनी हे संघाचे व्यवस्थापक होते. ब्रेडीनें दहा क्रमांकाचा सदरा अंगावर चढविला, आणि पहिल्याच हंगामांत, १९८१ सालीं, युव्हेन्टसला इटलीचें विजेतेपद मिळालें.

दुसरा हंगाम संपत आला असतांना इटलींतील नियम पुन्हां बदलला. पुढील हंगामापासून दोन परदेशी खेळाडू चालणार होते. युव्हेन्टसनें पोलंडचा बोनिएक व फ्रान्सचा मिशेल प्लातिनी यांना घेण्याचें ठरविलें. दोन जागा भरल्या, तिसरी नव्हतीच. हंगाम पुरा होण्यापूर्वींच ब्रेडीला सांगण्यांत आलें, कीं यापुढें त्याची गरज नाहीं. या घावाला आणखी एक धार होती. १९८२ च्या विश्वकप स्पर्धेसाठीं आयर्लंड व फ्रान्स एकाच गटांत खेळले होते. दोघांचेहि गुण दहा-दहाच झाले. पण गोलांच्या वजाबाकींत फ्रान्स सरस ठरलें व आयर्लंडला घरीं बसावें लागलें. ज्या प्लातिनीच्या संघानें ब्रेडीची विश्वकपाची वाट अडविली, तोच प्लातिनी आतां ट्यूरिनमध्यें त्याची जागा घेणार होता.

१६ मे १९८२ हा हंगामाचा अखेरचा दिवस. युव्हेन्टस व फिओरेन्टिना या दोन्ही संघांचे प्रत्येकीं ४४ गुण झालेले होते. फिओरेन्टिनाचा सामना कालियारी येथें, तर युव्हेन्टसचा दक्षिणेकडील कातान्झारो येथें होता. दोन्ही ठिकाणीं गोल होईना. सामना संपण्यास पाव तास उरला असतां कातान्झारोच्या एका गड्यानें गोलापुढें चेंडू हातानें अडविला, आणि पंचांनीं युव्हेन्टसला पेनल्टी दिली. ती मारण्याचें काम ब्रेडीचें होतें.

त्या क्षणीं त्याच्या पुढ्यांत काय काय होतें, हें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. ज्या संघानें त्याला निरोप दिला होता, त्याच संघाचें वर्षभराचें फळ त्याच्या एका लाथेवर अवलंबून होतें. विजेतेपद मिळालें असतें तर पुढच्या वर्षीं युरोपच्या मुख्य स्पर्धेंत मिरविणार होता प्लातिनी, ब्रेडी नव्हे. चुकलें असतें तर, जातां जातां मुद्दामच चुकविलें, असें म्हणावयास लोक मोकळे होते. शिवाय ब्रसेल्सच्या हुकलेल्या पेनल्टीला दोनच वर्षें झालीं होतीं. 'पोट दुखतें, दुसऱ्यानें मारावी' असें म्हणून बाजूस होणें त्याला शक्य होतें. ब्रेडीनें चेंडू ठिकाणावर ठेवला, शांतपणें पावलें टाकलीं, आणि गोल केला. कालियारीचा सामना गोलावांचूनच संपला. ४६ विरुद्ध ४५ अशा एका गुणानें युव्हेन्टस विजेता ठरला. तें त्याचें विसावें विजेतेपद. दहा विजेतेपदांमागें सदऱ्यावर एक तारा या इटलीच्या रीतीप्रमाणें दुसरा तारा लावण्याचा मान त्याला सर्व संघांत प्रथम मिळाला.

आपल्याकडे याला खाल्ल्या मिठाला जागणें म्हणतात. परंतु हें जागणें केवळ धन्याशीं नव्हे. धनी तर व्यवहार पाहून मोकळा झाला होता. ब्रेडीबरोबर दोन वर्षें घाम गाळलेले दिनो झॉफ, गाएतानो शिरेआ, मार्को तार्देल्ली यांच्यासारखे सोबती त्या दिवशीं मैदानांत होते. त्यांच्या श्रमाचें मोल त्या बारा यार्डांच्या अंतरावर ठरावयाचें होतें. धंदेवाईक म्हटला कीं तो पैशाचा चाकर, असा एक समज आहे. कातान्झारोच्या पेनल्टीनें त्या शब्दाचा दुसरा अर्थ दाखविला: काम हातीं असेपर्यंत तें पुरतेपणीं करणारा.

याचा अर्थ ब्रेडी हा मानापमानापलीकडे गेलेला साधुपुरुष होता, असा नव्हे. यानंतर तो इटलींत सॅम्पडोरिया, इंटर व आस्कोली या संघांकडून खेळला आणि १९८७ मध्यें लंडनच्या वेस्ट हॅमकडे परतला. राष्ट्रीय संघांत त्याची वाट मात्र बिकट होत गेली. १९७४ च्या ऑक्टोबरांत अठराव्या वर्षीं सोव्हिएट संघाविरुद्ध त्यानें आयर्लंडचा सदरा प्रथम घातला होता. १९८६ पासून जॅक चार्ल्टन या इंग्रज गृहस्थांकडे संघाची धुरा आली. मधल्या फळीनें चेंडू खेळवीत बसूं नये, तो सरळ प्रतिपक्षाच्या बचावामागें लांब भिरकावून त्यामागें धांवावें, ही त्यांची पद्धति. तिला यश आलें, हें नाकारतां येणार नाहीं. पण त्या पद्धतींत सूत्रधाराला काम थोडें. ऑक्टोबर १९८७ मध्यें बल्गेरियाविरुद्ध रागाच्या भरांत प्रतिस्पर्ध्याशीं आडदांडपणा केल्यामुळें ब्रेडीला मैदानाबाहेर काढण्यांत आलें व पुढील सामन्यांस बंदी झाली. त्यांत गुडघ्याला दुखापत झाली, आणि १९८८ सालीं आयर्लंड प्रथमच युरोपच्या अंतिम स्पर्धेंत खेळलें तें त्याच्यावांचून. सप्टेंबर १९८९ मध्यें पश्चिम जर्मनीविरुद्धच्या सामन्यांत चार्ल्टन यांनीं पूर्वार्ध संपण्याच्या आधींच त्याला बाहेर बोलाविलें. तो अपमान त्याला सोसला नाहीं. त्यानें राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. ७२ सामने, ९ गोल, आणि मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरींत एकहि सामना नाहीं, असा त्याचा हिशेब राहिला. १९९० सालीं आयर्लंड प्रथमच विश्वकपांत उतरलें व उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेलें, तेव्हां ब्रेडी संघांत नव्हता.

खेळणें थांबल्यावर त्यानें ग्लासगोच्या सेल्टिकचें व नंतर ब्रायटनचें व्यवस्थापन केलें, पण तेथें त्याला फारसें यश लाभलें नाहीं. खरा सूर सांपडला तो आर्सेनलमध्यें. १९९६ पासून २०१४ पर्यंत तेथील तरुण खेळाडूंच्या शिक्षणाची जबाबदारी त्याच्याकडे होती. या काळांत आर्सेनलच्या मुलांनीं २०००, २००१ व २००९ सालीं कुमारांचा एफ. ए. कप जिंकला, ॲशली कोल व जॅक विल्शर हे पुढें नांवारूपास आलेले खेळाडू त्याच शाळेंतून बाहेर पडले. स्वतः मागें राहून दुसऱ्याला पुढें धाडण्याचें काम त्याच्या अंगवळणीं पडलेलेंच होतें.

२००८ सालीं आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचें व्यवस्थापकपद जोव्हानी ट्रापाट्टोनी यांच्याकडे आलें. कातान्झारोच्या त्या दुपारीं युव्हेन्टसचे सूत्रचालक हेच होते. परक्या देशांत काम करावयाचें, भाषा परकी, माणसें अनोळखी. अशा वेळीं भरंवशाचा साहाय्यक कोण घ्यावा, हा प्रश्न त्यांच्यापुढें होता. त्यांनीं ब्रेडीला बोलाविलें, आणि ब्रेडी गेला.