गाणे आमचे, मालकी कुणाची?

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या काही अभियंता मुलांनी गेल्या जयंतीआधी आम्हाला बैठकीला बोलावले होते. मराठवाडा-विदर्भातल्या वस्त्यांतून शिष्यवृत्तीवर शिकून इथवर आलेली ही मुले. विषय जमाखर्चाचा होता. डीजेची रक्कम पाच मिनिटांत मंजूर झाली. गायन पार्टीचा विषय निघाला तेव्हा मात्र 'उरले तर देऊ' असा सूर लागला!

त्याच बैठकीला साठी ओलांडलेले एक शाहीर आले होते. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. कॅसेटच्या जमान्यात एका कंपनीने एकरकमी पैसे देऊन त्यांची आठ गाणी घेतली होती. आता त्यांच्या नातीने त्यातले एक गाणे मोबाईलवर गाऊन यूट्यूबवर टाकले, तर त्या कंपनीने दावा ठोकला. "वकीलसाहेब, शब्द माझे, चाल माझी, गळा नातीचा. मग पैसा त्यांचा कसा?" शाहिरांनी विचारले.

आम्ही कागद वाचला. त्यावर मुदत नव्हती, प्रदेशही लिहिलेला नव्हता. कॉपीराइट कायदा 1957 चे कलम 19 सांगते की, हक्क लेखी आणि सहीनेच देता येतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे शब्दांचा आणि चालीचा हक्क शाहिरांकडे केव्हाच परत आला होता, आणि हा माणूस इतकी वर्षे स्वतःचेच गाणे चोरासारखा गात होता! जुनी ध्वनिफीत कंपनीची, कारण मुद्रणाचा पैसा तिने घातला. पण नव्याने गायला तिची परवानगी कशाला? (एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपली कित्येक भीमगीते सिनेमाच्या चालीवर बांधलेली आहेत. तिथे चालीवर दुसऱ्याचा दावा आला तर रडून उपयोग नाही.)

2012 च्या दुरुस्तीने आणखी एक दार उघडले. त्यानंतरच्या करारात गीतकार-संगीतकाराने गाणे विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याचाच राहतो. तो सोडून दिल्याचे लिहून घेतले तरी ते व्यर्थ. ही रॉयल्टी वसूल करणारी आयपीआरएस ही संस्था 2017 पासून कायद्याखाली नोंदलेली आहे. आपले किती गीतकार तिचे सभासद आहेत? वामनदादा कर्डक 2004 साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, या हिशेबाने त्यांच्या शब्दांवर 2064 अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. कितीतरी ध्वनिफितींवर त्यांचे साधे नावसुद्धा नसते.

पण कायदा फक्त हक्क राखतो. नवे गाणे मुद्रित करायला भांडवल लागते, ते कोठून आणायचे? सरकारचे ज्येष्ठ कलाकारांसाठीचे मानधन 2024 पासून दरमहा 5000 रुपये झाले, तेही पन्नाशी उलटलेल्यांना. ते औषधपाण्याला पुरेल. यूट्यूबच्या जाहिरातींचा पैसा हजार सभासद आणि वर्षात चार हजार तास पाहणी झाल्याशिवाय सुरू होत नाही. गायन पार्टीची सुपारी एप्रिल-मेपुरती.

आपला गायक मुळात कंपनीच्या जिवावर उभा राहिलेलाच नाही. भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला तो समाजाच्या बळावर. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर गीतांच्या पुस्तिका घेणारा माणूस मजूर होता. कंपनी नंतर आली, कॅसेटबरोबर. चेन्नईत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा गायकांचा ताफा उभा राहिला, त्यामागेही दिग्दर्शक पा. रंजित यांचे 'नीलम' होते, कुठली बडी कंपनी नव्हे. मग लाखांत पगार घेणारी आपली मुले मागे का?

त्या बैठकीत आम्ही 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणाची आठवण दिली. बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग मागितला होता. गाणे धम्मकार्यात धरायचे का, यावर तासभर वाद झाला. एका मुलीने तो मिटवला: "आमच्या घरी बाबासाहेब आधी गाण्यातून आले, पुस्तकं नंतर."

डीजे एका दिवसाने कमी झाला. उरलेल्या पैशात आणि महिन्याच्या वर्गणीत शाहिरांची आठही गाणी नव्याने मुद्रित करायचे ठरले. करारनामा आम्ही मराठीत, एका पानावर लिहिला. मालकी शाहिरांची. नातीला गायिका म्हणून वेगळा वाटा. वर्गणीदाराला मालकीतला छदामही नाही. पहिल्या कमाईतून खर्च वळता करायचा, तो पुढच्या कलावंताच्या ध्वनिमुद्रणासाठी.

कंपनीला नोटीस गेली आहे, उत्तर आलेले नाही. 25 डिसेंबरच्या आत काम उरकायचे आहे. 1954 साली त्याच तारखेला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथल्या गर्दीत या वर्षी शाहिरांना स्वतःच्या नावाची पुस्तिका स्वतः विकायची आहे.