किंमत-उत्पन्न गुणोत्तर : अमळनेरचा दाखला

ताप्ती खोऱ्यातील रेल्वेने नंदुरबारहून भुसावळकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत जे अमळनेर लागते, तेथे २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांनी स्थापिलेली वनस्पती तुपाची कंपनी पुढे विप्रो या नावाने जगद्विख्यात झाली. आणि समभागाच्या बाजारभावाला प्रतिसमभाग वार्षिक नफ्याने भागून येणारे गुणोत्तर, म्हणजे पी-ई, कालौघात कसे वाचावे याचा याहून उद्बोधक दाखला खानदेशात मला दिसत नाही. भाव २०० रुपये आणि नफा १० रुपये असेल, तर गुणोत्तर २०. सन २००० च्या फेब्रुवारीत, संगणक-उद्योगाच्या मोहाने भारलेल्या बाजारात, विप्रोचे गुणोत्तर कित्येक शेकड्यांवर गेले. पुढील वर्षी नफा वाढला, तरी भाव कोसळला, कारण या अपूर्णांकाचा अंश अपेक्षेवर चालतो आणि छेद जमाखर्चावर.

सबब एका दिवसाच्या आकड्यावरून स्वस्त-महाग असा निवाडा देणे अनुचित होय. त्याच कंपनीची निदान दहा वर्षांची गुणोत्तरे समोर मांडावीत, बक्षीस समभाग व समभाग-विभाजन यांची दुरुस्ती भाव आणि नफा या दोहोंत झाली आहे ना हे तपासावे, आणि जमीन विकून एखाद्याच साली आलेली रक्कम नफ्यातून वजा करावी. तेजी-मंदीच्या आवर्तनांत सापडणाऱ्या धंद्यांत तर मंदीत नफा आटल्यामुळे गुणोत्तर फुगते, आणि तेजीच्या शिखरावर ते फसवे अल्प दिसते. तोट्यात त्याला अर्थच उरत नाही. शहादा तालुक्यातील सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला मात्र हा हिशेब लागू नाही, कारण सहकारी संस्थेच्या भागांची शेअर बाजारात खरेदी-विक्री होत नाही.