प्लायवूडमध्ये पाण्याला टिकते ते काय?

मेळघाटचे सागवान प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून अमरावती-अकोल्यात घरकामाला प्लायवूड सर्रास वापरतात. लाकडाचे पातळ पापुद्रे (व्हिनिअर) एकाआड एक उभे-आडवे चिकटवून, दाबून हा बोर्ड बनतो. बाजेची नवार उभी-आडवी विणल्याने भार दोन्ही बाजूंना वाटला जातो, तसेच इथे होते. त्यामुळे प्लायवूड सहसा चिरत नाही आणि ऋतूनुसार फुगणे-आकसणेही कमी होते.

गैरसमज आहे तो पाण्याबाबत. आयएस ७१० (मरीन प्लायवूडचे भारतीय मानक) यानुसार बोर्डाचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. पण या चाचणीत थरांची पकड तपासली जाते. लाकूड पाणी शोषतच नाही, असा तिचा अर्थ नव्हे. म्हणून कापलेल्या कडा रंगाने किंवा लाकडी पट्टीने (लिपिंग) बंद कराव्यात आणि ओल असलेल्या भिंतीला बोर्ड टेकवू नये.

लाकडाच्या चुऱ्याचा पार्टिकल बोर्ड आणि तंतूंचा एमडीएफ हे प्रकार वेगळे. साध्या प्रतीचे हे बोर्ड ओलाव्याने फुगतात, स्क्रू ढिले पडतात. कोरड्या खोलीतल्या कपाटाला ते चालतात, मोरीजवळ नकोत. बोर्ड कोणताही असो, लांब फळीला मधे आधार हवाच.